माया किती ठेवलीय?

घर बघायला निघालेली माणसं बरोबर काय काय नेतात? कुणी टेप नेतं, कुणी शहाणा मेहुणा नेतं. कात्रीबाईने शिलाई मशीन नेली. आणि तीही काखेत मारून मिरवायची नव्हे. लोखंडी पायांची, मोटार बसवलेली, दोघांनी उचलायची आणि तिसऱ्याने "सांभाळून, सांभाळून" म्हणून ओरडायचं, अशी. ओरडायचं काम कात्रीबाईने स्वतःकडे घेतलं होतं. उचलायला मुलगा होता आणि घर दाखवणारा दलाल होता.

"काकू, घर बघायला मशीन कशाला?" दलालाने तिसऱ्यांदा विचारलं. त्याची कॉलर घामाने ओली झाली होती.

"तुझ्या अंगातला कोट कुणी शिवला?"

"तयार घेतलाय."

"दिसतंय. खांदा पार दंडावर उतरलाय. ट्रायल दिली असतीस तर उतरला नसता." कात्रीबाईने मशीनचा पाय लिफ्टच्या दाराला लागतोय का ते बघितलं. "चाळीस वर्षांत मी एक कपडा ट्रायलशिवाय दिला नाही. आधी कच्चा टाका घालायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, हात वर कर म्हणायचं, खाली वाक म्हणायचं, खुर्चीत बस म्हणायचं. मग पक्की शिलाई. कपडा फार तर चार वर्षं अंगावर असतो. घर मरेपर्यंत असतं. ते नुसतं बघून घेऊ?"

कात्रीबाई हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. धंदा शिवणाचा आणि जीभ त्याच धारेची, म्हणून गल्लीने ते नाव पाडलं. तिला ते समोर म्हटलेलं चालायचं. शाळा तिने तिसरीत सोडली, किंवा शाळेने तिला. दोन्ही बाजूंना फार वाईट वाटलं नाही. अजूनही छापलेलं वाचताना ती अक्षराला अक्षर जोडत जायची. पण गिऱ्हाइकाचं माप मात्र कधी कागदावर घेतलं नाही. एकदा टेप फिरवली की छाती, कंबर, बाही सगळं डोक्यात बसायचं आणि दोन वर्षांनी तीच बाई आली की कात्रीबाई टेप काढायच्या आधीच सांगायची, "सुटलीस गं तू."

एकतीस वर्षं ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. तिथेच मशीन चालवली, तिथेच मुलगा वाढवला, तिथेच सून आणली. मालक खडूस होता. भिंतीला खिळा मारायचा तर त्याला विचारायचं, दिवा बदलायचा तर त्याला विचारायचं, आणि तो नको म्हणाला की एरवी कुणाचं काही ऐकून न घेणारी कात्रीबाई ओठ आवळून परत यायची. जागा त्याची होती. त्यापुढे बोलणंच खुंटायचं. आता मालक गेला, त्याच्या मुलीने जागा विकायला काढली आणि तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा म्हणून निरोप आला.

मुलाला वाटलं आई खचेल. आई दारात उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "सुटले! एकतीस वर्षं दुसऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून शिवलं. आता स्वतःची भिंत!" आणि त्याच दिवसापासून तिच्या अंगात वारं शिरलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ती कपड्याचं विचारायच्या आधी घराचं विचारायला लागली. तुमचं कसलं आहे? फ्लॅट का? जमीन कुणाची? छत गळलं तर कोण बघतं? एका बाईची बाही तिने या नादात दीड बोट आखूड कापली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

अट मात्र एकच होती आणि ती तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकली. घर कुठलंही घ्या, कसंही घ्या, माझी मशीन घरात चालली पाहिजे.

"आई, आता आराम कर," मुलगा म्हणाला होता.

"आराम करायला मी काय खुर्ची आहे?"

मुलगा लिफ्टचा मेकॅनिक. त्याला हवा होता तो नव्या उंच इमारतीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्यातही, खरं सांगायचं तर, तिथली लिफ्ट. "दार मिटताना आवाज नाही, आई. नुसता श्वास सोडल्यासारखा," असं तो सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यापेक्षा जास्त खुलायचा. सून हॉस्पिटलात नर्स होती, तिला चौथा महिना होता आणि ती कमी बोलायची. त्या घरात कुणीतरी कमी बोलणं भागच होतं. पण घराचे कागद आले की सगळे तिच्याकडे वळायचे. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय असल्याने ती एकही ओळ सोडायची नाही.

तर असे ते तिघं, दलाल आणि मशीन सातव्या मजल्यावर पोचले. दलालाचं नाव कात्रीबाईने पहिल्याच भेटीत सॅटिन ठेवलं होतं. दिसायला चकचकीत, हाताला गुळगुळीत, आणि कडेने सुटत जाणारं.

फ्लॅटचं दार उघडलं आणि कात्रीबाईचं बोलणं थांबलं. उजेड! पूर्वेकडून एवढा उजेड आत आला होता की फरशीवर पाय ठेवायला संकोच वाटावा. तिने पिशवीतून काळा दोरा काढला, काळं कापड काढलं, चष्मा मुद्दाम डोक्यावर सरकवला आणि सुई ओवली. एका फटक्यात. "बघितलंत?" ती ओरडली. "वीस वर्षांत झालं नव्हतं! ए, बघितलंस का?" सुनेने बघितलं होतं. मुलाने तर आनंदाने सॅटिनच्या पाठीत थाप मारली.

मग ती खोल्या-खोल्यांतून फिरली. भिंतीला हात लावला, कोपऱ्यात बोट घातलं, कपडा उलटा करून शिवण बघावी तसं प्रत्येक दार मागून बघितलं. परत बाहेर येऊन तिने सॅटिनला विचारलं, "सगळं झकास आहे. पण यात माया किती ठेवलीय?"

सॅटिनचा रंग उडाला. त्याने दार लावून घेतलं. "काकू, हळू बोला. तसलं आमच्याकडे काही नसतं. जे आहे ते सगळं कागदावर. वरची माया, आतली माया, काही नाही."

"अजिबात नाही?"

"शपथ घेतो."

"मग कसं चालायचं? थोडी तरी हवीच की!"

"थोडी..." सॅटिन सुनेकडे बघायला लागला. "म्हणजे, तुमची तशी इच्छा असेल, तर बिल्डरशी बोलून बघतो, पण मी मध्ये नाही हं."

सुनेने हसू दाबत सांगितलं, "अहो, त्या पैशांचं नाही विचारत. कपडा शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड दडवून ठेवतात ना, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. घर वाढवायचं झालं तर जागा आहे का, असं विचारताहेत त्या."

"असं होय!" सॅटिनच्या जिवात जीव आला. "नाही. ती पण नाही. बाल्कनी बंद करायची नाही, भिंत हलवायची नाही."

"काठोकाठ कापलंय," कात्रीबाई म्हणाली आणि मशीनला बसली. ट्रायल म्हणजे ट्रायल. पडद्यांचं काम आणलं होतं. लांब, सरळ शिलाई, मशीन पळवायला उत्तम. तिने मोटारवर पाय दाबला आणि मशीन सुटली. काय पळत होती! उजेडात कापड आपोआप पुढे सरकत होतं. तिला वाटलं, उगाच शंका काढल्या. घ्यावंच हे.

चौथा पडदा अर्धा झाला असेल, दारावर टकटक झाली. सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात नियमांची वही. त्यांच्यामागे सहाव्या मजल्यावरच्या बाई, कपाळाला हात लावून.

"आमच्या छतातून गाडी जातेय असं वाटतंय," बाई म्हणाल्या.

"कसला आवाज आहे हा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कामाचा," कात्रीबाई म्हणाली.

सेक्रेटरींनी वही उघडली. सदनिकेचा वापर फक्त राहण्यासाठी करता येईल, कोणताही व्यवसाय करता येणार नाही, गिऱ्हाइकांची ये-जा चालणार नाही, यंत्र चालवता येणार नाही. सुनेने वही मागून घेतली आणि पान उलटून पुढचं पण वाचलं. पुढेही तेच होतं.

"बरं, एक सांगा," कात्रीबाईने विचारलं. "हा फ्लॅट आम्ही घेतला तर तो आमच्या मालकीचा ना?"

"अर्थात. भिंतींच्या आतलं सगळं तुमचं."

"आणि आवाज?"

सेक्रेटरी सज्जन होते. त्यांनी विचार केला. "आवाज भिंतीबाहेर पडला की सोसायटीचा."

"मग सोसायटीने ठेवून घ्यावा की! परत कशाला आणून देताय?"

मुलगा हसला नाही. लिफ्टमधून मशीन खाली नेताना दार श्वास सोडल्यासारखं मिटलं आणि त्यानेही तसाच श्वास सोडला.

दुसरं घर गावाबाहेरचं. चारी बाजूंनी आपली जमीन, आपलं फाटक, आपलं छत. फाटकावर नाव लिहायला हातभर मोकळी पाटी. कात्रीबाईने ती पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. इथे तिने मशीन हवी तशी दणाणली. कुणी आलं नाही. दहा वाजले, कुणी आलं नाही. अकरा वाजता तिने फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर दोन्हीकडे नजर टाकली. एक कुत्रं होतं, तेही कुठेतरी कामाला चालल्यासारखं निघून गेलं. मुलगा सकाळपासून छतावर होता; पाण्याची टाकी गळत होती, आणि दुरुस्तीला सांगायला सोसायटी नव्हती, मालक नव्हता, होता तो तोच. सुनेला हॉस्पिटलात पोचायला दोन बस बदलाव्या लागणार होत्या, आणि दुसरी बस तासाला एक.

"माया भरपूर आहे, काकू," सॅटिन म्हणाला. तो आता शहाणा झाला होता. "मागे बघा, आणखी चार खोल्या निघतील."

"आहे ना. इतकी आहे की माणूस आतल्या आत हरवेल. अरे, भांडायचं म्हटलं तरी इथे पत्र टाकून माणूस बोलवावा लागेल!" आणि दुपारच्या जेवणाआधीच तिने मशीन टेम्पोत चढवायला लावली. गिऱ्हाईक चालत येईल अशा अंतरावर नसेल तर मशीन चालली काय आणि थांबली काय, सारखंच.

तिसरं घर सॅटिनने आणलं नव्हतं, सुनेने आणलं. तिच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या बाई होत्या. त्या जिथे राहायच्या तिथलं एक कुटुंब दुसऱ्या गावी गेलं होतं आणि पहिल्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. "पण तिथली मालकी जरा वेगळी आहे," सून म्हणाली आणि तिने बाकीचं रविवारवर सोपवलं. रविवारी तिथले सगळे घरी असतात, असं एक्स-रेबाईंनी सांगितलं होतं.

ती इमारत म्हणजे पूर्वीचा छापखाना. आठ कुटुंबांनी मिळून घेतलेला. वर खोल्या, खाली जुन्या छपाई यंत्रांचा लांबरुंद हॉल. एक्स-रेबाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं. इथे एकेक खोली एकेकाच्या नावावर नाही. सगळी इमारत सगळ्यांची. प्रत्येक घराचा एक हिस्सा. हिस्सा असेल तोवर राहायचा हक्क, आपल्यामागे मुलाबाळांना, पण बाहेरच्या माणसाला परस्पर विकता येत नाही. सोडून जायचं झालं तर हिस्सा संस्थेलाच परत द्यायचा आणि ठरलेली रक्कम घ्यायची.

"म्हणजे मालक कोण?" मुलाने विचारलं.

"आम्ही."

"आणि या खोलीचा?"

"तेही आम्हीच."

"आणि उद्या भाव वाढला तर चढ्या भावाने विकता येणार नाही?"

"नाही. आणि लिफ्टही नाही," एक्स-रेबाई म्हणाल्या, सुनेने त्यांना बरंच काही सांगितलेलं दिसत होतं.

मुलाने आईकडे बघितलं. आईचं नाक वर गेलं होतं. "एकतीस वर्षं भाडं भरल्यावर," ती म्हणाली, "आता आठ जणांत मिळून एक दार? हे घर आहे की अंगरखा, आज तू घाल, उद्या मी घालते?"

"ट्रायल तर घ्या," सून म्हणाली.

आणलीच होती मशीन, तर हॉलमध्ये ठेवली. हॉलमध्ये एक सायकली दुरुस्त करणाऱ्या बाई चाकाच्या तारा आवळत होत्या, आणि पलीकडे मोठ्या खिडकीच्या उजेडात एक जाडजूड गादीवाला सोफ्याला नवं कापड चढवत होता. दोघंही इथलेच. बाहेर रस्ता, रस्त्याला लागून दार, दारातून लोक सायकली घेऊन आत येत होते आणि वाटेत दोन गप्पा मारून जात होते. कात्रीबाईने नाक वर ठेवूनच मोटारवर पाय दाबला.

आणि दचकली. मशीन हललीच नाही! म्हणजे चालत होती, पण पायाखाली काही थरथरत नव्हतं. तिने आणखी जोरात दाबलं. टेबलावरची टाचणीसुद्धा जागची सरकली नाही.

"हातभर जाड जमीन आहे," मागून एक म्हातारा आवाज आला. प्रूफवाले आजोबा. छापखाना होता तेव्हा इथे ते छापलेल्यातल्या चुका शोधायचे, आणि तो बंद पडल्यावर याच इमारतीत राहायला आले. "हत्तीएवढी यंत्रं चालायची इथे. वर कपातला चहा हलत नसे."

कात्रीबाईच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं तिची मशीन कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर नाहीतर कपाळात वाजत आली होती. तिने इंटरलॉकच्या मशीनची जागा मनात ठरवून टाकली. कापायचं टेबल तिथे, आरसा इथे, ट्रायलचा पडदा त्या खांबाला. तासाभरात सायकलीवाल्या बाईंच्या दोन गिऱ्हाइकांनी तिला चेन बदलून मिळेल का म्हणून विचारलं. त्यांना सायकलची चेन हवी होती, तिने एकीच्या जॅकेटची बदलून दिली. ती गुणगुणत होती. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत होते. आनंदाच्या भरात तिने गादीवाल्याच्या सोफ्यावर ओणवून बघितलं आणि म्हणाली, "हे टाके आहेत की आगगाडीचे रूळ?"

गादीवाल्याने दाभण खाली ठेवली. "कुणी विचारलं?"

"कुणी विचारायला कशाला पाहिजे? मला डोळे आहेत."

तेवढ्यात एक्स-रेबाई आल्या. "चार वाजता सगळे जमतोय. तुमची ट्रायल झाली असेल तर आमची सुरू करू."

"तुमची कसली?"

"तुमची. नवं घर घ्यायचं तर सातही घरांनी हो म्हणावं लागतं. एकाने जरी नाही म्हटलं तरी नाही."

कात्रीबाईने गादीवाल्याकडे बघितलं. गादीवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि सावकाश दाभण उचलली.

चार वाजेपर्यंत तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. सून घाबरली आणि तिने तिची नाडी बघितली. "अगं, बरी आहे मी," कात्रीबाई पुटपुटली. "मला हे घर हवंय गं. आणि मी आत्ताच त्याच्यावर चहा सांडून ठेवलाय."

"अजून पुसता येईल," सून म्हणाली.

चार वाजता हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. चहा आला. कुणी मुलाला कामाचं विचारलं, कुणी सुनेला ड्यूटीचं. कात्रीबाई एकेका शब्दात उत्तरं देत होती, हो, नाही, बरं, आणि तिला इतकं सरळ बोलताना ऐकून मुलाला घाम फुटला होता. शेवटी एक्स-रेबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?"

"एकच," कात्रीबाई म्हणाली. "इथे माया किती ठेवलीय?"

मग प्रूफवाल्या आजोबांनी चष्मा काढून पुसला. "इतके लोक घर बघून गेले," ते म्हणाले, "पाणी किती, उजेड किती, सगळ्यांनी विचारलं. मायेचं कुणी विचारलं नव्हतं." ते आजारी असताना सायकलीवाल्या बाई सहा आठवडे रोज वर जेवण घेऊन येत होत्या, ते त्यांनी सांगितलं. बाईंनी लाजून चाकाकडे बघितलं. मागून कुणीतरी आपल्या आईचं सांगायला लागलं. एक्स-रेबाईंचे डोळे भरून आले.

"गप्प राहा, आई," मुलगा कानाशी कुजबुजला. "जिंकतोय आपण."

खरंच जिंकत होते. कात्रीबाईला ते दिसत होतं. पाच मिनिटं जीभ दातांमागे ठेवली की जमीन, रस्ता, उजेड, सगळं तिचं. पण वाकडी गेलेली शिवण डोळ्यांनी बघत बसायचं तिच्या हाडातच नव्हतं. तिने कप खाली ठेवला.

"थांबा. चुकताय तुम्ही," ती म्हणाली. मुलाने डोळे मिटले. "मी प्रेमाचं विचारलं नाही. ते का कुणी विचारून घेतं? ते राहून कळतं, आणि कधीकधी राहूनसुद्धा कळत नाही. मी शिवणीतल्या मायेचं विचारलं. माझ्या सुनेला चौथा महिना आहे. आज आम्ही तिघं, उद्या चार, आणि पुढचं कुणी सांगावं. अंग भरलं तर हे घर कुठे उसवून सैल करता येतं का, तेवढं सांगा. नसेल येत तर स्पष्ट बोला. गोड बोलून मला घट्ट कपडा विकू नका."

आजोबा हातात चष्मा धरून बसले होते. झालं, कात्रीबाईला वाटलं. स्वतःच्या हाताने कापलंस.

मग मागून खो खो हसू आलं. गादीवाला हसत होता, पोट धरून, खुर्ची करकरत होती.

"मला तेव्हाच कळलं होतं!" तो म्हणाला. "सोफ्याच्या खोळीला मी काय दुसरं ठेवतो? माया! बघत होतो, बाई कबूल करतात की फुकटची वाहवा घेतात."

"मी फुकटचं काही घेत नाही," कात्रीबाई म्हणाली.

"ते दिसलं. तर ऐका. जिन्याच्या वरची मोठी खोली कुणाचीच नाही. मुद्दाम ठेवलीय. ज्याच्या घरात माणूस वाढेल त्याला ती मिळते, गरज संपली की परत. आत्ता रिकामी आहे. माया म्हणायची तर ही."

कात्रीबाईने सुनेकडे बघितलं. सुनेचे दोन्ही हात पोटावर होते आणि कमी बोलणाऱ्या त्या बाईने भर बैठकीत टाळी वाजवली.

एक्स-रेबाईंनी मुलाला विचारलं, "तुमचं काय?" तो म्हणाला, "लिफ्ट नसलेल्या घरात लिफ्टवाला. कामावरचे हसतील मला." मग आईचा चेहरा बघून म्हणाला, "हसू देत."

"आणि चढ्या भावाने विकायचं राहिलं तुझं," कात्रीबाई म्हणाली. "मला राहायचंय. विकायचं ज्याला असेल त्याने सातव्या मजल्यावर जावं."

मग एकेक घर हो म्हणत गेलं. आजोबांनी हो म्हटलं आणि वर "माझी चूक सुधारलीत, हे काम आजवर मीच करत आलो होतो" असंही म्हणाले. सायकलीवाल्या बाईंनी हो म्हटलं. सहा झाले. गादीवाला उरला. तो उठला, सोफ्यापाशी गेला, आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवलं.

"जरा लांब आहेत खरे," तो म्हणाला. "हो. माझं हो. पण खिडकीजवळची जागा माझी आहे, ती सोडणार नाही."

"सोडणार नाही म्हणजे?" कात्रीबाई ताडकन उठली. "तुझं काम हाताच्या अंदाजाचं, डोळे मिटून करतोस हे टाके बघून कुणीही सांगेल. उजेड मला हवा. सुई मी ओवायची!"

"नऊ वर्षं मी तिथे बसतोय!"

"आता नऊ वर्षं मी बसेन. त्या खिडकीत माझा आठवा हिस्सा आहे!"

"अजून सही कुठे केलीत?"

"आण इकडे तो कागद!"

सुनेने कागद पुढे केला, पेन दिलं, जागा दाखवली. सगळे भोवती गोळा झाले. कात्रीबाईने चष्मा नाकावर घेतला आणि एकेक अक्षर उभं करत, आपलं पूर्ण नाव लिहायला घेतलं. लिहिताना तिला जीभ दातांत धरावी लागे, म्हणून तेवढा वेळ हॉल शांत होता. शेवटची रेघ ओढली, पेन खाली ठेवलं आणि ती गादीवाल्याकडे वळली.

"हं," ती म्हणाली. "आता बोल."